मद्यपाशातला माणूस : स्वभाव आणि समज

(कुटुंब मेळाव्यात एका मनोविकारतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून उदाहरणांतील तपशील बदलले आहेत.)



संयोजकांनी मला दिलेला विषय ‘व्यसन आणि संस्कार’ असा होता. त्यांच्या अनुमतीने मी तो किंचित वळवला आहे. ‘संस्कार’ हा शब्द उच्चारला की आपल्यासारख्या मंडळींच्या सभेत एक प्रकारची निश्चिंतता पसरते. ज्या घरात तिन्हीसांजेला दिवा लागतो, मुले शुभंकरोती म्हणतात, ज्या घरातले मुलगे लहानपणापासून शाखेत गेले, त्या घरात दारू कशी येईल, असा तो भाव असतो. व्यसनी म्हणजे वस्तीतला, गुत्त्यावरचा, गटाराच्या कडेला पडलेला माणूस. त्याच्यासाठी आपण सेवाकार्य करायचे आणि घरी परत यायचे. माझ्या व्यवसायाने ही निश्चिंतता माझ्यापुरती कधीच घालवली आहे. म्हणून आज मी मद्यपी माणसाच्या स्वभावाविषयी बोलणार आहे. त्याचा असा काही एक ठरावीक स्वभाव असतो काय? त्याच्या पिण्याची एकच रीत असते काय? आणि त्यातून सुटण्यासाठी जे लोक गटात येऊन बसतात, ते असतात तरी कोण?

प्रश्नाचा आवाका आधी ध्यानात घेऊ. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात, आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना त्यासाठी साहाय्याची आवश्यकता आहे, असे त्यात नोंदवले आहे. मला त्यातला आणखी एक आकडा अधिक अस्वस्थ करतो. मद्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळालेला होता. उरलेले ३७ जण कुणाच्या तरी घरात आहेत. कुणी तरी त्यांच्यासाठी कार्यालयात ‘ताप आलाय’ असा निरोप पाठवते आहे.

सभेच्या खोलीत

आपल्यापैकी अनेकांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे नाव ऐकले असेल. सगळे त्याला ‘एए’ म्हणतात. त्यांच्या काही सभा खुल्या असतात, तिथे बाहेरच्या माणसालाही बसता येते. शाळेचा वर्ग, चर्चच्या मागची खोली, एखाद्या रुग्णालयाचे दालन, अशी जागा असते. पंधरा-वीस खुर्च्या, चहाचा थर्मास. एकेक जण उठतो, आपले पहिले नाव सांगतो, आडनाव सांगत नाही, आणि ‘मी मद्यासक्त आहे’ असे म्हणून स्वतःची हकीकत सांगू लागतो. कुणी त्याला अडवत नाही, कुणी उपदेश करीत नाही. सभासदत्वाचे शुल्क नाही, सभासदांची नोंदवही नाही. दारू सोडण्याची इच्छा ही एकच अट. खर्चासाठी पिशवी फिरते ती फक्त सभासदांत. बाहेरच्या माणसाची देणगी ते घेत नाहीत, हा त्यांचा नियमच आहे. आपल्याकडच्या अनेक संस्थांनी विचार करावा, असा हा नियम आहे. पण तो आजचा विषय नव्हे.

अशा खोलीत बसल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही, की या लोकांत दारूखेरीज समान काहीच नाही.

एक गृहस्थ बँकेत अधिकारी. वीस वर्षांत एकदाही कार्यालयात पिऊन गेले नाहीत, एकदाही कुणी त्यांना झोकांड्या खाताना पाहिले नाही. रात्री साडेआठला जेवणाआधी ठरलेले माप. ते माप मात्र पंधरा वर्षांत चौपट झाले आणि सकाळी धनादेशावर सही करताना हात थरथरू लागला. दुसरे कंत्राटदार, हसतमुख, गणेशोत्सवात सगळ्यांत पुढे. त्यांना पहिला प्याला टाळता येतो, पण घेतला की पाचवा-सहावा टाळता येत नाही. तिसरा कुशल फिटर. दोन-दोन महिने बाटलीला शिवत नाही. मग एके दिवशी निघतो तो आठवडाभर घरी येत नाही, आणि परत येतो तो अंगावरच्या कपड्यांनिशी आजारी होऊन. चौथा पंचविशीतला पोरगा. पंधराव्या वर्षी सुरुवात, मारामाऱ्या, दोनदा मोटारसायकलचा अपघात; वडीलही पीत असत. पाचवे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर सुपारीचेही खांड न खाल्लेला हा माणूस पत्नीच्या निधनानंतर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, झोप लागावी म्हणून घेऊ लागला.

स्त्रिया फार क्वचित दिसतात. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात मद्य घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के आहे. संख्या लहान आहे हे खरे. पण ज्या घेतात त्या बंद दाराआड, एकट्याने घेतात आणि उपचारापर्यंत फार उशिरा पोहोचतात. पुरुषाच्या दारूची समाजाला चीड येते, स्त्रीच्या दारूची किळस येते. किळस वाटणाऱ्या समाजापुढे कुणी येत नाही.

पिण्याच्या पाच तऱ्हा

या विविधतेचा शास्त्रीय अभ्यास गटातल्या माणसांपासूनच सुरू झाला, ही मोठी मनोरंजक गोष्ट आहे. १९४५ साली अमेरिकेत एएच्या सभासदांनी स्वतःच एक प्रश्नावली तयार करून आपल्या ‘ग्रेपव्हाइन’ या मासिकात छापली. आलेली उत्तरे त्यांनी इ. एम. जेलिनेक या संशोधकाकडे सोपवली. त्याने ९८ पुरुषांच्या उत्तरांवरून १९४६ साली मद्यपाशाच्या पायऱ्या मांडल्या. प्रथम चोरून घोट घेणे, मग आदल्या रात्रीचे काही न आठवणे, मग सबबी, मग ताबा सुटणे, सकाळचा पेला, आणि शेवटी सर्वनाश. स्त्रियांची उत्तरे पुरुषांपेक्षा वेगळी होती म्हणून त्याने ती बाजूला ठेवली! आज कुणी असे केले तर चालायचे नाही. पण या पायऱ्यांचा तक्ता जगभरच्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या भिंतींवर गेला.

जेलिनेक स्वतः मात्र तेवढ्यावर थांबला नाही. १९६० सालच्या आपल्या ग्रंथात त्याने सांगितले की सगळे मद्यपी या एका जिन्याने उतरत नाहीत. त्याने ग्रीक अक्षरांची नावे देऊन पाच प्रकार केले. मनाच्या वेदनेवर उतारा म्हणून पिणारा तो आल्फा. शरीर पोखरले गेले तरी ज्याला ओढ म्हणावी तशी नाही, तो बीटा. पहिल्या घोटानंतर ज्याचा ताबा सुटतो, तो गॅमा. प्रमाण राखू शकतो पण एक दिवसही त्याच्यावाचून राहू शकत नाही, तो डेल्टा. आणि मधूनमधून झपाटल्यासारखा पिणारा तो एप्सिलॉन. एएच्या सभांत गॅमा अधिक आणि फ्रान्ससारख्या, जेवणाबरोबर द्राक्षमद्य घेणाऱ्या देशात डेल्टा अधिक, असेही त्याचे निरीक्षण होते. आता आमचे बँकेतले गृहस्थ, कंत्राटदार, फिटर आणि शिक्षक कुठे बसतात, हे आपणच ओळखाल. आजचे वैद्यकशास्त्र ही नावे फारशी वापरत नाही, सौम्य-मध्यम-तीव्र अशा श्रेणी वापरते. पण घरच्या माणसांना समजावताना मला अजूनही जेलिनेकच उपयोगी पडतो.

याचे कारण, प्रत्येक पिणारा दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवून स्वतःला सोडवून घेतो. डेल्टा म्हणतो, मी कधी पडलेलो दिसलो का? एप्सिलॉन म्हणतो, मी रोज घेतो का? आणि आपल्या महाराष्ट्रात तर या आत्मवंचनेला पंचांगाचा आधार आहे. आषाढी अमावास्येला ‘गटारी’ करायची आणि श्रावण कडक पाळायचा. काही जण गणपती विसर्जनापर्यंत नेटाने थांबतात. ‘डॉक्टर, मी श्रावण पाळतो, मग मी व्यसनी कसा?’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. ज्या दिव्याच्या अमावास्येला आपल्या आया-आज्यांनी दिवे उजळून पूजा मांडली, तिला आपण गटाराचे नाव दिले, हे दुःख वेगळेच. परंतु वैद्यक म्हणून मला विचाराल तर थांबता येण्याला अर्थ थोडा आहे. पुन्हा सुरू केल्यावर काय होते, तिथे निदान आहे. विसर्जनाच्या रात्री तो माणूस कसा पितो, हे पत्नीला विचारावे.

आपल्याकडे पिण्याची रीतही निराळी आहे. भोजनासोबत पेलाभर घेण्याची परंपरा इथे नाही. ‘आज बसायचं का?’ या निरुपद्रवी क्रियापदात सगळे आले. बसायचे ते चढेपर्यंत बसायचे. चकणा चालू, जेवण शेवटी, आणि बहुतेकदा देशी किंवा व्हिस्की-रमसारखी कडक दारू. भरभर, उपाशीपोटी आणि नशेच्या उद्देशाने घेतलेली दारू अपाय अधिक करते, हे सांगायला संशोधक नको.

स्वभाव आधी की दारू आधी?

आता स्वभावाकडे येऊ. पत्नी, आई, वडील माझ्यासमोर बसून रुग्णाचे जे वर्णन करतात ते थक्क करण्याइतके एकसारखे असते. खोटे बोलतो, संशय घेतो, चिडतो, मग रडतो, शपथा घेतो, स्वतःपलीकडे त्याला कुणी दिसत नाही. साहजिकच समाजाचा समज होतो की मद्यपीचा म्हणून एक स्वभाव असतो, आणि ज्याचा स्वभाव असा दुबळा त्यालाच दारू धरते. अनेक दशके मानसशास्त्रातही हाच समज होता.

त्याला मोठा छेद दिला जॉर्ज व्हेलंट या हार्वर्डच्या मनोविकारतज्ज्ञाने. इतर अभ्यासक मद्यपी झालेल्या माणसाला गाठून त्याचे बालपण विचारीत. व्हेलंटजवळ मात्र तरुणपणापासून दशकानुदशके पाठपुरावा केलेल्या पुरुषांची माहिती होती. काही हार्वर्डचे पदवीधर, काही बॉस्टनच्या गरीब वस्तीतले. म्हणजे कुणी मद्यपी होण्यापूर्वी कसा होता, हे कागदावर आधीच लिहिलेले होते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा, की पुढे मद्यपी झालेली माणसे आधीपासून अधिक दुबळी, परावलंबी किंवा निराश होती असे दिसत नाही. परावलंबन, निराशा, आत्मकेंद्रितपणा हे बहुतांशी दारूनंतर आले. घराण्यात मद्यपाश असणे आणि किशोरवयातले बेबंद वर्तन, यांचा संबंध मात्र होता.

हे ऐकायला साधे वाटते. पण घरातल्या माणसांसाठी याचा अर्थ फार मोठा आहे. जो खोटे बोलतो आहे तो आपला मुलगा आहेच, पण ते खोटे बरेचसे त्या पदार्थाने बोलवले आहे. म्हणूनच आम्ही डॉक्टर मंडळी दारू सुटल्यावर निदान काही आठवडे जाईपर्यंत कुणाच्या स्वभावावर शिक्का मारण्याचे टाळतो. तोवर जे दिसते त्यात माणूस किती आणि मद्य किती, हे वेगळे करता येत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश अशी साखळी सांगितली आहे. बुद्धिनाश तिथे शेवटी येतो, आरंभी नव्हे. आपण मद्यपीविषयी बोलताना ही साखळी उलटी धरतो आणि म्हणतो, याची बुद्धीच भ्रष्ट होती म्हणून तो प्याला.

स्वभावाचा काहीच भाग नाही, असेही मी म्हणणार नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून मद्यपाशाच्या प्रवृत्तीचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचे दिसते. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास करून रॉबर्ट क्लोनिंजर याने १९८०च्या दशकात दोन प्रवाह मांडले. एकात काळजीखोर, अपराधी वाटून घेणारी माणसे येतात, जी पंचविशीनंतर हळूहळू अडकतात. दुसऱ्यात लवकर सुरुवात करणारी, साहसाची चटक असलेली, नियम मोडणारी मुले येतात, आणि हा प्रवाह पित्याकडून पुत्राकडे अधिक ठळकपणे जातो. आपण घरात दुसऱ्या प्रकारावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. पहिला प्रकार, म्हणजे सालस, अबोल, ‘कुणाच्या अध्यात ना मध्यात’ असा, आपल्या नजरेतून सुटतो. आपल्या घरांत तोच अधिक असतो.

एएचे दोन संस्थापकच पाहा ना. बिल विल्सन हा न्यू यॉर्कच्या शेअर बाजारातला. बोलका, महत्त्वाकांक्षी, मोठ्या योजना आखणारा आणि तितकाच जोराने कोसळणारा. डॉ. बॉब स्मिथ हे ॲक्रन, ओहायोचे शल्यचिकित्सक, मितभाषी, शिस्तीचे. ते दिवसा गुंगीच्या औषधांनी हात स्थिर ठेवीत आणि संध्याकाळी पीत. १२ मे १९३५ रोजी विल्सन त्यांना भेटायला गेला. डॉक्टरांनी जेमतेम पंधरा मिनिटे द्यायचे ठरवले होते. दोघे सहा तास बोलत बसले. विल्सनने उपदेश केला नाही, स्वतःची हकीकत तेवढी सांगितली. डॉ. बॉब यांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि ती तारीख एएचा स्थापनादिन मानतात. स्वभाव दोन, पिण्याच्या तऱ्हा दोन, खुर्च्या मात्र शेजारी-शेजारी.

तळीरामाचे मंडळ

या प्रसंगाच्या सोळा वर्षे आधी मराठी रंगभूमीवर एक नाटक आले. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगमंचावर आले तेव्हा ते पाहायला राम गणेश गडकरी हयात नव्हते. बालगंधर्वांची सिंधू आपल्या आजोबांच्या पिढीच्या डोळ्यांत पाणी आणून गेली, त्यामुळे हे नाटक आपण सिंधूचे नाटक म्हणून लक्षात ठेवले आहे. मी ते एका चिकित्सकाच्या नजरेने पुन्हा वाचतो तेव्हा दोन गोष्टी पुढे येतात.

पहिली ही, की सुधाकर दुबळा नाही. तो बुद्धिमान वकील आहे, तेजस्वी आहे, मानी आहे. न्यायालयातल्या अपमानानंतर त्याची सनद जाते आणि त्याच्या मानी स्वभावाला ते सहन होत नाही. पहिला प्याला त्याच्या हाती येतो तो या क्षणी, कारकून तळीरामाकडून. आपण ज्याला गुण म्हणतो त्या स्वाभिमानातूनच दारूला वाट मिळाली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या नाटकात पिणाऱ्यांचे मंडळ आहे. तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’. तिथे सभा भरतात, भाषणे होतात, थट्टामस्करी चालते, कुणी एकटा नसतो. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, तेव्हा मात्र तो अगदी एकटा असतो. घरी पतिव्रता पत्नी आहे, रामलालसारखा जिवाचा मित्र आहे, पण त्याच आगीतून गेलेला एकही माणूस त्याच्याजवळ नाही. तो निश्चय टिकत नाही. प्यायला मंडळ आणि सोडायला एकांत, ही विषमता गडकऱ्यांनी जाणून दाखवली की नकळत, हे समीक्षकांनी ठरवावे. आपल्या शहरांत ती आजही तशीच आहे. ‘बसायला’ चार मित्र एका फोनवर येतात.

गट नेमका हेच पालटतो. व्हेलंटने सुटलेल्या माणसांचा अभ्यास केला तेव्हा त्यांच्या आयुष्यात चारपैकी दोन-तीन गोष्टी आढळल्या. दारूची जागा घेणारी दुसरी सवय. पुन्हा प्यायल्यास तत्काळ जाणवेल असा काही धाक किंवा देखरेख. ज्यांना आपण पूर्वी दुखावलेले नाही अशा माणसांशी नवे नाते. आणि श्रद्धा जागवणारा एखादा समूह. अलीकडच्या काळात जॉन केली व त्याच्या सहकाऱ्यांनी एएचा गुण नेमका कशाने येतो हे शोधले, तर सर्वांत मोठा भाग निघाला तो मित्रवर्ग बदलण्याचा. कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०२० साली २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. अखंड मद्यमुक्तीच्या बाबतीत एए व त्यावर आधारलेले पद्धतशीर उपचार हे इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. इतर बाबतींत साधारण बरोबरीचे. शुल्क न घेणाऱ्या खोलीसाठी हे थोडे नव्हे.

कोणता स्वभाव गटात टिकतो? संशोधकांनी हेही धुंडाळले. बोलका टिकतो, अबोल गळतो, असे काही ठामपणे हाती लागले नाही. ज्याची दारू अधिक गंभीर तो गटाला अधिक धरून राहतो, एवढे दिसते. नास्तिक माणसे सभांना कमी जातात. पण जी जातात त्यांना आस्तिकांइतकाच लाभ होतो.

आपल्या मंडळींचे दोन आक्षेप

माझ्या परिचयाच्या कार्यकर्त्यांकडून दोन आक्षेप नेहमी येतात आणि ते मनमोकळेपणाने घेतले पाहिजेत.

पहिला, हे ख्रिस्ती आहे काय? एएचा उगम ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या सहवासात झाला, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. पण संस्थापकांनी लवकरच तिच्यापासून फारकत घेतली आणि आपल्या बारा पायऱ्यांत, प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे ईश्वर मानावा, असे शब्द घातले. १९५७च्या सुमारास ही चळवळ भारतात आली, आणि आज मराठी सभांत कुणी विठ्ठलाचे नाव घेतो, कुणी स्वामी समर्थांचे, कुणी कुणाचेच नाही. ‘इष्टदेवता’ ही कल्पना ज्या समाजाने जगाला दिली त्याने या वाक्यापुढे अडखळावे, हे मला समजत नाही. सभा चर्चच्या खोलीत का भरतात, असे मला एका कार्यकर्त्याने रागाने विचारले. मी म्हटले, त्यांनी खोली दिली म्हणून. आपल्या मंदिराचे सभागृह गुरुवारी संध्याकाळी रिकामे असते. आपण दिले का?

आपल्याकडे या कामाला परंपरा नाही असे मुळीच नाही. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घातली की दारू सुटली, हे शतकानुशतके चालत आले आहे. तिथेही एकट्याने सोडायचे नसते. दिंडी असते, फडाचे लोक असतात, आणि माळकऱ्याला गावात कुणी प्यायचा आग्रह करीत नाही. हे सगळे व्हेलंटच्या चार गोष्टींशी ताडून पाहा. शाखेची पद्धतीही परकी नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि कुणी दोन दिवस आला नाही तर त्याच्या घरी जाणे. गटात याला वेगळे नाव आहे, काम तेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गटाची पहिली पायरी म्हणते, दारूपुढे मी हतबल आहे. आपण तर आत्म्याचा उद्धार आत्म्यानेच करावा, असे शिकलो. बलाची उपासना करणाऱ्या माणसाने हतबलता कशी मान्य करायची? मी असे सांगतो की ही हतबलता फक्त पहिल्या प्याल्यानंतरची आहे. प्याल्याआधी माणूस हतबल नसतो. तो चालत सभेला जाऊ शकतो. ‘फक्त आजचा दिवस’ हा त्यांचा संकल्प चोवीस तासांचा असतो, जन्मभराचा नसतो, आणि म्हणूनच पेलतो. परंतु आमच्या कार्यकर्त्या रुग्णांना हे खरोखरीच जड जाते, हे मी पाहिले आहे. ज्याने आयुष्यभर इतरांना धीर दिला, त्याला ‘मला जमत नाही’ हे तीन शब्द वीस अनोळखी माणसांसमोर म्हणताना सहा-सहा महिने लागतात. त्या सहा महिन्यांत यकृत थांबत नाही.

घराने काय करावे

शपथा घालू नयेत. देव्हाऱ्यापुढे उभे करून, मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून घेतलेली शपथ मोडली की आधीच्या अपराधीपणात नव्या अपराधीपणाची भर पडते, आणि तो भार हलका करण्याचा त्याला ठाऊक असलेला उपाय एकच असतो.

रोज पिणाऱ्याने अचानक, घरच्या घरी, दारू बंद करू नये. हे मी हात जोडून सांगतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, आणि उपचार न झाल्यास प्राणही जातो. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात असे रुग्ण आमच्याकडे येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवडाभराची औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व दिले की हा धोका बहुतांशी टळतो.

आणि पत्नीचा विचार वेगळा करावा. तिला ‘तू प्रेमाने समजाव’ असे सांगणारे नातेवाईक मला अजिबात आवडत नाहीत. १९५१ साली बिल विल्सनची पत्नी लोइस हिने मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट उभारला, तो उगीच नव्हे. पुण्याच्या मुक्तांगणानेही पत्नींसाठी स्वतंत्र गट चालवले. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ते केंद्र सुरू केले. वैचारिकदृष्ट्या ती मंडळी आपल्या बाजूची नव्हती. पण महाराष्ट्रातल्या हजारो घरांत त्यांच्यामुळे पुन्हा चूल पेटली, हे सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

शेवटी श्रोत्यांकडून चिठ्ठीवर आलेल्या दोन प्रश्नांना उत्तरे देतो.

‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली असते, असे म्हणतात.’ पूर्वी तसे लिहिले जात असे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. औषध म्हणून घ्यायची इच्छा असणाऱ्यांना चालण्याचा व्यायाम उपलब्ध आहे.

दुसरी चिठ्ठी अशी आहे : ‘दारू सुटलेल्या कार्यकर्त्याला पुन्हा जबाबदारी द्यावी का?’ द्यावी. गटात नव्या माणसाला पहिले काम मिळते ते खुर्च्या मांडण्याचे आणि चहा करण्याचे; तसेच काही द्यावे, आणि ते दर आठवड्याला, ठरल्या वेळेचे असावे. पहिल्या वर्षात कोषप्रमुख करू नये, मुक्कामाच्या प्रवासावर एकट्याला पाठवू नये. त्याची सभा ज्या दिवशी असते त्या दिवशी आपली बैठक ठेवू नये. आणि एक विनंती. दारू सुटून चार महिने होत नाहीत तोच त्याला व्यासपीठावर उभे करून ‘मी कसा सुटलो’ यावर भाषण करायला लावण्याचा मोह आपल्याकडे फार आहे. त्याने स्वतः आडनाव लपवण्याचा हक्क घेतला आहे. तो त्याच्याकडेच राहू द्यावा.